गाडी चालवता येत नाही, तरी पारखायची कशी

“आत्या, मला गाडी चालवताच येत नाही. मग समोरची गाडी चांगली की वाईट, हे मला कळणार कसं?”

भाचीने हे विचारलं तेव्हा आम्ही इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या ओट्यावर बसलो होतो. आठवड्यापूर्वी तिला लर्निंग लायसन्स मिळालं होतं आणि मोबाइलमध्ये जुन्या गाड्यांचे पंधरा-वीस फोटो साठवलेले होते. चार वर्षांपूर्वी माझीही हीच अवस्था होती. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, स्कूटर सुटली, मुलगा पुण्याला. बावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकायचं ठरवलं. तेव्हा जो तो मला एकच सांगायचा, “एकदा चालवून बघा, लगेच कळेल.” पण पहिला गिअर टाकताना ज्याचा हात थरथरतो, त्याला चालवून काय कळणार? शिकाऊ माणसाला गाडी चालवून पारखता येत नाही. मात्र तिच्याभोवती सावकाश फिरून, तिचा वास घेऊन, तिच्या डाव्या सीटवर बसून आणि तिचे कागद वाचून खूप काही कळतं. भाचीला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी, लायसन्स मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी शोधायला निघू नका. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा तीस दिवस झाल्यावरच देता येते. पहिले पंधरा-वीस दिवस ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर हात बसू द्या. त्या दिवसांत स्वतःबद्दलच्या काही गोष्टी कळतात: क्लच पूर्ण दाबला जातो का, बोनटचा डावा कोपरा दिसतो की नाही, रिव्हर्स घेताना मान किती वळते. माझी मान उजवीकडे पुरती वळत नाही हे मला तिथेच समजलं, आणि मागची काच मोठी असलेली गाडीच घ्यायची हे ठरून गेलं. पण क्लास संपल्यावर फार दिवसही जाऊ देऊ नका. माझा मध्ये सव्वा महिना गेला आणि बसलेला हात पुन्हा कच्चा झाला. म्हणून क्लास चालू असतानाच शोध सुरू करावा, घाई न करता.

आता पैसे. माझ्याकडे पावणेतीन लाख होते. गाडी बघताना मी सगळ्यांना सव्वादोन सांगायचे आणि शेवटी २,३५,००० ला २०१४ ची वॅगन आर घेतली. उरलेल्या चाळीस हजारांचं काय झालं ते सांगते, कारण हाच हिशेब लोक विसरतात. दोन टायर ६,८००, बॅटरी ३,९००, ऑइल-फिल्टर-ब्रेकसकट सर्व्हिसिंग ४,२००, नावावर करण्याचा आणि इन्शुरन्सचा खर्च वेगळा. सात महिन्यांनी क्लच प्लेट बदलली, ते ५,८००. माझा हिशेब असा की हातातल्या शंभर रुपयांपैकी पंच्याऐंशीचीच गाडी घ्यावी. सगळे पैसे गाडीत घातले की पहिल्या दुरुस्तीला ती दारात उभी राहते आणि शिकणं थांबतं.

इन्शुरन्सचा एक बारकावा इथेच सांगून टाकते. थर्ड पार्टी इन्शुरन्सचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर लागणाऱ्या विम्याचा, दर इंजिनाच्या आकारावर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६, जीएसटी वेगळा. माझ्या वॅगन आरचं इंजिन ९९८ सीसी. फरक हजार-तेराशेचा असला तरी तो दर वर्षी लागतो.

कोणती गाडी? छोटी, पेट्रोलवर चालणारी आणि आपल्या रस्त्यांवर भरपूर दिसणारी. ऑल्टो, वॅगन आर, सेलेरिओ, ह्युंदाईची आय टेन, टाटाची टियागो यांपैकी काहीही. शिकताना बंपर घासणार, आरसा मोडणार, हे गृहीत धरा. या गाड्यांचा आरसा छोट्या ग्वालटोलीत त्याच दिवशी मिळतो आणि कुठल्याही कोपऱ्यावरचा मिस्त्री तो बसवून देतो. क्वचित दिसणारी मोठी गाडी याच पैशांत मिळते, तेव्हा मोह होतो. पण ती स्वस्त मिळते कारण तिचे पार्ट महाग असतात. रामबागेतल्या किंवा राजवाड्यामागच्या गल्ल्यांत लांब गाडी वळवणं शिकलेल्यालाही जड जातं.

डिझेल नको. शिकाऊ माणूस दिवसाला पाच-सात किलोमीटर चालवणार, त्यात डिझेलचा फायदा काहीच नाही आणि दुरुस्ती मात्र महाग. सीएनजी असेल तर ती आरसीवर, म्हणजे गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या कागदावर, चढलेली आहे का बघा आणि टाकीची तपासणी कधी झाली ते विचारा. ती दर तीन वर्षांनी करावी लागते. एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली गाडी, भीती वाटते म्हणून घ्यावीशी वाटेल. जुन्या एएमटीच्या गिअर यंत्रणेचा बिघाड एका फटक्यात मोठा खर्च काढतो, म्हणून थोडक्या पैशांत मी ती सुचवणार नाही. पाय किंवा गुडघा दुखत असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

आपल्याकडे इंदूरच्या मराठी घरांत आणखी एक मोह येतो: पुण्याच्या किंवा नागपूरच्या नातलगाची गाडी. माझ्या दिरांनीही मला त्यांची ऑल्टो देऊ केली, अगदी आपुलकीने आणि बाजारभावापेक्षा तीस हजार कमी. घरातली गाडी, एकच हात, सगळं माहितीतलं. पण नंबर एमएच. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, आणायची, मध्य प्रदेशचा रोड टॅक्स नव्याने भरायचा, आणि तिकडे भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागायला पुन्हा तिकडचेच हेलपाटे. सगळा हिशेब मांडला तेव्हा तीस हजारांची बचत उरली नाही. दीर समजूतदार, त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. दिल्लीच्या नंबराच्या गाड्यांबाबतही हेच. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, म्हणून त्या स्वस्तात बाहेरच्या शहरांत येतात. पहिली गाडी एमपी ०९ ची, इंदूरच्याच आरटीओची असलेली बरी.

वय किती? खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवावं लागतं. ते संपायला निदान पाच वर्षं बाकी असावीत. याहून महत्त्वाची तारीख १ जुलै २०१९. त्या दिवसापासून नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग, सीट बेल्ट न लावल्यास वाजणारी सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्याच वर्षी एप्रिलपासून. माझ्या २०१४ च्या गाडीत एअरबॅग नाही आणि एबीएसही नाही. ती घेताना मी हा विचारच केला नाही, याचं आज वाईट वाटतं, कारण ब्रेक घाबरून जोरात दाबणारा माणूस शिकाऊच असतो आणि एबीएसची गरज त्यालाच सगळ्यांत जास्त. भाचीला मी निक्षून सांगितलं: गाडी आकाराने छोटी घे, थोडी जास्त चाललेली घे, पण १ जुलै २०१९ नंतर बनलेली घे. रजिस्ट्रेशनची तारीख नंतरची असली तरी गाडी आधी बनलेली असू शकते, म्हणून आरसीवरचा उत्पादनाचा महिना वाचायचा.

गाडी बघायला गेल्यावर बोनट उघडण्याआधी ड्रायव्हरच्या सीटवर बसा. पाच मिनिटं शांत बसा. विकणारा बाहेर घाई करत असला तरी बसा. पाठ पूर्ण टेकलेली असताना क्लच तळापर्यंत दाबून बघा. गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे. क्लचसाठी पाठ सुटत असेल तर ती गाडी तुमची नाही. माझी उंची पाच फूट. काही गाड्यांत मला स्टीअरिंगवरून फक्त आकाश दिसायचं. वॅगन आर उंच आहे, सीट खुर्चीसारखी सरळ आहे, साडी नेसूनही चढता-उतरता येतं, आणि समोरचा रस्ता बोनटजवळपर्यंत दिसतो. शिकणाऱ्याला हे दिसणं फार लागतं. काचेच्या बाजूचे खांब किती जाड आहेत, वळताना त्यांच्यामागे स्कूटर लपेल का, तेही बघा. स्टीअरिंग उभ्या गाडीत फिरवून बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या सगळ्यांत खालच्या मॉडेलमध्ये पॉवर स्टीअरिंग नसतं, आणि फोटोत ते कळत नाही. इंजिन चालू असतानाही दोन्ही हातांनी जोर लावावा लागला तर ती सोडून द्या.

मग डाव्या सीटवर जाऊन बसा. लर्निंग लायसन्सवर तुमच्या शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला असावाच लागतो, आणि वेळ आली तर त्याला गाडी थांबवता आली पाहिजे. म्हणून तिथून हँडब्रेक सहज हाताला येतो का ते बघा. हँडब्रेक किती कट-कट करत वर येतो तेही मोजा. पाच-सहा आवाजांत घट्ट बसला तर ठीक. दहा-बारा झाले तर ब्रेकचं काम आहे.

कागद मात्र या सगळ्याच्याही आधी. विकणाऱ्याला फोनवरच आरसीचा फोटो मागा. देत नसेल तर जाऊच नका. ही गोष्ट मी पाच हजार रुपये घालवून शिकले. एका डीलरकडे चंदेरी आय टेन होती, आतून-बाहेरून लखलखीत. मी हरखले आणि तिथल्या तिथे पाच हजार बयाणा दिला. रात्री घरी आरसीची प्रत नीट वाचली तर हायपोथिकेशनच्या, म्हणजे गाडी कुणाकडे तारण आहे त्या, रकान्यात एका फायनान्स कंपनीचं नाव. डीलर म्हणाला, “लोन केव्हाच फिटलंय, नाव काढायचं राहून गेलंय.” फिटलं असेलही. पण कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ लागून ते नाव निघत नाही तोवर आरटीओच्या दृष्टीने गाडीवर कर्जच आहे. तीन आठवडे झाले, कागद आला नाही, आणि बयाणा परत मिळाला नाही. मला अजून राग येतो तो त्या माणसाचा, कारण माझ्यासारखा नवखा माणूस काय वाचतो आणि काय वाचत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

तर आरसीवर काय वाचायचं? मालकाचं नाव आणि तो कितवा मालक आहे. हायपोथिकेशनचा रकाना रिकामा आहे का. उत्पादनाचा महिना, इंधन, रजिस्ट्रेशन कधीपर्यंत. मग चासी नंबर, सतरा अक्षर-आकड्यांचा, तो गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. मारुतीचा एमए३ ने, ह्युंदाईचा एमएएल ने आणि टाटाचा एमएटी ने सुरू होतो. कोरलेल्या जागेजवळ घासल्याच्या किंवा पुन्हा रंगवल्याच्या खुणा असतील तर गाडीला हातच लावू नका. एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की यातलं बरंचसं आणि इन्शुरन्सची तारीखही दिसते. परिवहनच्याच वेबसाइटवर थकलेले ई-चलान दिसतात. आपल्या चौकाचौकांत कॅमेरे आहेत, तेव्हा चलान नसलेली गाडी विरळाच. ते सौद्याआधी त्यानेच भरायचे.

गाडी सकाळी बघायची. रात्री दिव्याखाली नाही आणि पावसात तर नाहीच. ओल्या पत्र्यावर पोचा दिसत नाही. आदल्या दिवशी विकणाऱ्याला सांगून ठेवायचं की मी आल्याशिवाय गाडी सुरू करू नका, आणि गेल्यागेल्या बोनटवर तळहात ठेवायचा. गरम लागला तर त्याने आधीच इंजिन चालवलं आहे. कदाचित दूध आणायला गेला असेल, पण तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. आजारी इंजिन थंड असतानाच बोलतं: सेल दोन-तीनदा मारावा लागतो, सुरुवातीला खडखड येते, सायलेन्सरमधून धूर येतो. धुराचा रंग बघा. निळसर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा, थांबतच नाही असा, म्हणजे कूलंट आत शिरतोय. थंडीच्या सकाळी थोडी वाफ येऊन दोन मिनिटांत विरते, तिला घाबरू नका. काळा म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही. निळा आणि पांढरा या दोन्हींसाठी इंजिन उघडावं लागतं. इंजिन सुरू करण्याआधी ऑइलचं झाकण काढून त्याची आतली बाजू बघा. तिथे सायीसारखा पिवळट थर असला तर ऑइलमध्ये पाणी मिसळलं असण्याची शंका घ्यायची. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

रंगासाठी मी फ्रिजवरचा लोहचुंबक नेते, मऊ कापडात गुंडाळून. दरवाजे, मडगार्ड, बोनट, डिक्की सगळीकडे हलकेच लावत जायचं. जिथे पकड ढिली पडते तिथे पत्र्यावर पुटिंगचा थर आहे, म्हणजे ठोकलेली जागा. बंपर प्लास्टिकचा, त्याला चुंबक चिकटत नाहीच, हे ध्यानात ठेवा. मी पहिल्यांदा उगाच दचकले होते. एखादा दरवाजा ठोकलेला असला तर बिघडत नाही, आपल्या शहरात कुणाचा ठोकलेला नाही? पण दरवाजाच्या चौकटीचं रबर बाजूला करून आत बघा. कारखान्यातल्या वेल्डिंगचे टिपके एकसारखे, ओळीत असतात. ते वेडेवाकडे दिसले किंवा बोनटच्या नटांवरचा रंग पान्याने उडालेला दिसला तर मार सांगाड्यापर्यंत गेला असेल. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात छापलेली खूण बघा. एकाच काचेचं साल वेगळं असेल तर ती का बदलली ते विचारा.

वास घ्या. एसी बंद, काचा बंद, दोन मिनिटं आत बसा. कुबट ओल येत असेल आणि वर अत्तराचा फवारा मारलेला असेल तर गाडी पावसाच्या पाण्यात उभी राहिली असावी. आपल्या सखल वस्त्यांत जोराच्या पावसात गाड्यांत पाणी शिरतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, चिखलाची रेघ तिथे राहते. स्टेपनी उचलून तिच्याखालचा खड्डा बघा. सीटच्या रुळांवर गंज आहे का बघा. पाण्यात बुडालेल्या गाडीचं वायरिंग वर्षभर हळूहळू दगा देत राहतं, आणि भर रस्त्यात बंद पडलेली गाडी नव्याने शिकणाऱ्याचा धीर खचवते.

किलोमीटरचा आकडा फिरवता येतो, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका. चाळीस हजार दाखवणाऱ्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत कसं होईल? ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड, स्टीअरिंगचा वरचा भाग, गिअरची मूठ, या जागा खरं सांगतात. मालकाला कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसची जुनी नोंद काढायला सांगा. प्रत्येक नोंदीपुढे किलोमीटर लिहिलेले असतात आणि ते चढत जायला हवेत. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुने टायर खाच शिल्लक असली तरी बदलायचेच, आणि ते पैसे भावातून वजा करायचे.

आता फेरी. तुमच्या बाजूचा लायसन्सवाला माणूस चालवेल, विकणारा मागे आणि तुम्ही डावीकडे. रेडिओ बंद. केट रोडसारखा लांब सरळ रस्ता, एखादा पूल आणि दोन-चार स्पीड ब्रेकर मिळतील असा मार्ग धरा. सरळ रस्त्यावर स्टीअरिंगवरची पकड क्षणभर सैल केली तर गाडी एका बाजूला ओढते का? मोकळ्या जागी ब्रेक दाबला तर सरळ थांबते का? स्पीड ब्रेकरवर खालून खट्ट येतं का? वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं म्हणजे बहुधा चाकाचं बेअरिंग. उभ्या गाडीत एसी लावल्यावर इंजिन धापा टाकून बंद पडायला बघतं का? हे सगळं डाव्या सीटवरून ऐकू येतं, उलट चालवणाऱ्यापेक्षा नीट ऐकू येतं, कारण तुमचं लक्ष रस्त्यावर नसतं. मी वहीत लिहून घेत होते.

त्यानंतर मिस्त्री. ओळखीचा, आणि विकणाऱ्याने सुचवलेला नसलेला. मी आमच्या कॉलनीतल्या मिस्त्रीला पाचशे रुपये देऊन घेऊन गेले. त्याने गाडीखाली वाकून गळती बघितली, मग हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडला. इंजिन लगेच बंद पडलं. “काकू, क्लच पकडतोय. घसरत असता तर इंजिन चालूच राहिलं असतं. पण हा अर्धा संपलाय.” मी म्हटलं, मग नवा घालून मागू या का विकणाऱ्याकडे? तो म्हणाला, “अजिबात नको. तुम्ही शिकणार, हाफ क्लचवर गाडी धरणार, नवा घातला तर तोच जाळणार. यावर शिका. हात बसला की मग नवा घाला.” त्याने दिलेला हा सल्ला मला आजवर मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत मोलाचा वाटतो. दशहरा मैदानावर, केसरबागच्या पुलाच्या चढावर मी तो क्लच मनसोक्त झिजवला आणि मग नव्यावर पैसे घातले. “नवीन क्लच टाकलाय” म्हणून कुणी दहा हजार जास्त मागत असेल तर शिकाऊ माणसाने ते देऊ नयेत.

मिस्त्रीला इंजिनाचाही एक प्रश्न विचारा: इंजिनाचे भाग एका तालात फिरवायला टायमिंग बेल्ट आहे की चेन? ऑल्टो ८०० च्या ७९६ सीसी इंजिनात बेल्ट असतो आणि तो ठरल्या किलोमीटरला बदलावा लागतो. माझ्या वॅगन आरच्या ९९८ सीसी इंजिनात चेन आहे. बेल्टची गाडी वाईट नाही, फक्त तो शेवटचा कधी बदलला याचं बिल बघा; बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरून भाव करा.

सौदा ठरला की पैसे बँकेतून द्या आणि दोन किल्ल्या मागून घ्या. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर विकणाऱ्याच्या सह्या समोर घ्या. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करण्याचा अर्ज द्यायचा असतो. साध्या कागदावर गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ, तासासकट, लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्याआधीचे चलान त्याचे, नंतरचे तुमचे. “नंतर सावकाश करू” म्हणणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल सांगा: रजिस्टरवर ज्याचं नाव, तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. म्हणजे नाव बदलून घेण्यात विकणाऱ्याचंही हित आहे.

इन्शुरन्सही त्याच आठवड्यात. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी तर चौदा दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे हप्ता थोडा वाढेल, त्याची तयारी ठेवा. शिकाऊ असताना थर्ड पार्टीवरच भागवू नका, पूर्ण पॉलिसी घ्या. आणि शेजारी लायसन्सवाला नसताना एकटीने गाडी काढून ठोकली तर क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतं, हेही लक्षात असू द्या. जुन्या मालकाचा फास्टॅग काढून आपला नवा लावायचा.

भाचीने दोन गाड्या नाकारल्या. एकीचं बोनट गरम होतं, दुसरीत तिची पाठ सुटत होती. तिसरी, ऑगस्ट २०१९ ची ऑल्टो, सुदामा नगरातल्या एका निवृत्त गृहस्थांची, २,९०,००० ला ठरली. सर्व्हिसची सगळी बिलं त्यांनी पिशवीत घालून दिली. घरी आणल्यावर आम्ही पहिल्यांदा ऑइल आणि फिल्टर बदलले, ब्रेक उघडून बघितले, आणि पुढे-मागे एल लावला: पांढऱ्या पाटीवर लाल अक्षर, पाटी निदान अठरा सेंटिमीटर चौकोनी, अक्षर दहा सेंटिमीटर उंच. मागचा एल तिने आधी काळसर काचेच्या आतून लावला होता, तो बाहेरून दिसत नव्हता, म्हणून काढून डिक्कीवर लावला. आता रोज सकाळी साडेसहाला आम्ही दशहरा मैदानावर जातो. ती चालवते, मी डाव्या सीटवर, उजवा हात हँडब्रेकजवळ.